१३ मे २०२४ : पावसाचा अंदाज वाचणाऱ्या शहरात वारा आला तेव्हा

१३ मे २०२४ चं मुंबईतलं वादळ म्हटलं की सगळ्यांना घाटकोपरच आठवतं आणि ते साहजिक आहे. छेडानगरजवळच्या पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली, सत्तरहून जास्त जखमी झाली. त्या होर्डिंगच्या परवानग्या, पैसा, पोलीस, कोर्ट यावर भरपूर लिहून आलंय. मला इथे त्या दिवसाचं हवामान उलगडून बघायचंय, म्हणजे सकाळचा उकाडा, दुपारचे ढग, साडेचारच्या सुमाराचा वारा आणि या एकेका टप्प्यावर अंदाज काय सांगू शकत होता, काय सांगूच शकत नव्हता. एप्रिल-मे दरवर्षी येतो, असं वादळही दर एक-दोन वर्षांनी कुठेतरी येतंच, कधी मुंबई, कधी पिंपरी-चिंचवड, कधी रावेर-यावलच्या केळीच्या बागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपण अंदाज वाचतो तो पाऊस पडणार का एवढ्यासाठी. मान्सूनपूर्व वादळात जीव घेतो तो बहुतेक वेळा वारा आणि वीज, पाऊस नाही. त्या दिवशी मुंबईत पाऊस काही फार झाला नव्हता हो. कुठे पाणी तुंबलं नाही की नदीला पूर आला नाही, आणि तरी एवढी माणसं गेली.

सकाळपासून सुरू करू. सोमवार होता. राज्यात लोकसभेच्या चौथ्या टप्प्याचं मतदान चालू होतं (मुंबईचं २० मे ला होतं), त्यामुळे बातम्या सगळ्या त्याच. हवा नेहमीची मे महिन्यातली, घामाच्या धारा, पंख्याखालीसुद्धा कपडे अंगाला चिकटतायत. मे मध्ये मुंबईलगत अरबी समुद्राचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं आणि त्यावरून येणारा वारा बाष्पाने भरलेला असतो. तापमान ३४ असलं आणि आर्द्रता ६० टक्के असली तरी अंगाला ते ४१-४२ सारखं जाणवतं, कारण घाम वाळतच नाही. टीव्हीवर मात्र ३४ दिसतं आणि नागपूरचा माणूस म्हणतो की ३४ म्हणजे काय गरमी आहे का. किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेचा निकष ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचारने जास्त असा आहे, मैदानी भागात तोच ४० चा. त्यामुळे मुंबईतला बराचसा त्रास लाटेच्या व्याख्येत बसतच नाही, हवामान विभाग त्याला 'उष्ण व दमट हवामान' असा वेगळा इशारा देतो आणि तो इशारा लोक गांभीर्याने घेत नाहीत असा माझा अनुभव आहे.

या उकाड्याचा आणि वादळाचा संबंध थेट आहे. जे बाष्प सकाळी आपल्या अंगावरचा घाम वाळू देत नाही तेच दुपारी ढगाचं इंधन होतं. बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने हवा अजून हलकी होऊन अजून वर जाते, आणि असं करत ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. मग प्रश्न असा की मुंबईत एवढं बाष्प असून रोज वादळ का होत नाही? कारण ते बाष्प मे च्या पहिल्या पंधरवड्यात खालच्या एखाद-दीड किलोमीटरमध्येच अडकलेलं असतं. त्याच्यावर कोरड्या गरम हवेचा थर असतो, कुकरच्या झाकणासारखा, खालची दमट हवा तो फोडून वर जाऊ शकत नाही. म्हणून मुंबईकर नुसता घामाघूम होतो आणि आभाळ कोरडं राहतं.

झाकण उघडतं ते पूर्वेला. बदलापूर, मुरबाड, शहापूर, कर्जत, आणि त्याच्याही पलीकडे घाटमाथ्यावर. तिकडे जमीन दुपारी सणसणीत तापलेली असते, समुद्रावरून निघालेले खारे वारे दुपारपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याला पोचतात, आणि दमट हवेला पुढे डोंगर आडवा आला की वर जाण्याशिवाय वाट राहत नाही. त्यात देशावरून येणारी कोरडी हवा तिथेच येऊन भिडते. दोन वेगळ्या स्वभावाच्या हवा जिथे भेटतात त्या रेषेवर ढग उभे राहतात. आमच्या कल्याण-डोंबिवलीकडच्या माणसाला हे सगळं शब्दांत सांगावं लागत नाही, मे महिन्यात दुपारी तीननंतर पूर्वेला मलंगगडाच्या बाजूला काळं झालं की दोऱ्यांवरचे कपडे काढायची घाई सुरू होते.

हे ढग बऱ्याचदा वरच्या थरातल्या पूर्वेच्या वाऱ्याबरोबर किनाऱ्याकडे सरकतात. आणि इथे गंमत अशी की त्यातले निम्म्याहून जास्त ढग ठाण्यापर्यंत येता येताच मरतात असं मी तरी बघत आलोय, कारण किनाऱ्यालगत समुद्रावरून आलेली हवा तुलनेने गार असते, ढगाला खालून मिळणारं इंधन तुटतं. मुंबईकराला संध्याकाळी पूर्वेला नुसत्या विजा चमकताना दिसतात, थेंब पडत नाही. अंदाज देणाऱ्यासाठी हा सगळ्यात अवघड भाग आहे. ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागात वादळ होणार हे तो बऱ्यापैकी भरवशाने सांगू शकतो पण ते मुलुंडचा टोलनाका ओलांडून जिवंत आत येईल का, हे सकाळी सांगणं जवळपास अशक्य असतं.

त्या दिवशी ते आलं. ठाणे जिल्ह्यात ढग फुलले, वादळ पश्चिमेला सरकत शहरात घुसलं आणि सगळ्यात आधी पोचला तो वारा. पाऊस मागून. मुंबईभर पिवळ्या-तपकिरी धुळीची भिंत आली, दिवसा अंधार झाला. लोकांनी बाल्कनीतून व्हिडिओ काढले, मोसमातली पहिली गार हवा म्हणून आनंदही झाला, आणि त्यात चूक काहीच नाही, दीड महिना उकडल्यावर गार वारा आला तर माणूस खिडकीत उभा राहणारच.

पाऊस कमी आणि वारा एवढा, असं का? ढगातून पाऊस पडायला लागतो, पण ढगाचा तळ उंचावर असतो आणि त्याच्या खालची हवा अजून कोरडी असते. मान्सून आलेला नसतो ना, तळापासून वरपर्यंत ओल नसते. पडणारे थेंब वाटेतच वाळतात, वाळताना आजूबाजूची हवा गार करतात, गार हवा जड असते, ती दगडासारखी खाली येते, जमिनीवर आपटते आणि चहूबाजूंनी पसरते. त्या पसरणाऱ्या गार हवेची जी आघाडी असते तीच आपल्याला सोसाट्याचा वारा म्हणून लागते, ढग डोक्यावर यायच्या कितीतरी आधी. वाटेत सुकी माती, खडी, बांधकामांची धूळ, सगळं उचलत येते. म्हणजे थेंब जितके वाळतील तितका पाऊस कमी आणि वारा जास्त. पाऊस कमी पडला म्हणून वादळ किरकोळ होतं असं समजणं किती चुकीचं आहे ते यावरून कळतं.

सांताक्रूझला नोंद झाली ताशी ८७ किलोमीटरची, कुलाब्याला ५१ ची. एकाच शहरात, एकाच वादळात, वीस-बावीस किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक. हवामान विभागाच्या वर्गवारीत वादळी वारा ६२ च्या वर गेला की तीव्र गटात जातो, म्हणजे सांताक्रूझ तीव्र गटाच्या अगदी टोकाला होतं आणि कुलाबा साध्या मध्यम गटात. कुलाब्याचा माणूस म्हणाला असता की जरा वारा सुटला होता.

आता अंदाजाकडे येऊ.

चार-पाच दिवस आधी काय कळतं? एवढंच की वातावरण वळवाच्या पावसाला पोषक आहे. मे च्या दुसऱ्या आठवड्यात राज्यात ठिकठिकाणी विजांचा पाऊस चालूच होता, त्यामुळे त्यात नवीन काही नव्हतं. मॉडेल हवेचे चौकोन पाडून गणित करतं. त्या वेळी आपलं मुख्य जागतिक मॉडेल साधारण १२ किलोमीटरच्या चौकोनांचं होतं, आणि वादळाचा एक गोळा असतो दहा-पंधरा किलोमीटरचा. एका चौकोनात अख्खं वादळ मावतं म्हटल्यावर त्याच्या पोटातली खाली आपटणारी हवा मॉडेलला दिसणार कुठून? ते फक्त म्हणू शकतं की या पट्ट्यात शक्यता आहे. (२६ मे २०२५ ला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली ६ किलोमीटरच्या चौकोनांची भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली, त्याने चित्र सुधारेल, पण एका वादळाचा वारा पकडायला ६ सुद्धा जाडच आहे.)

आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी काय कळतं? सांताक्रूझहून बलून सोडतात, पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी. त्यातून हवेचे थर समजतात, बाष्प किती उंचीपर्यंत आहे, कोरडा थर किती जाड आहे. सकाळच्या बलूनवरून जाणकार माणूस म्हणू शकतो की आज जर ढग फुटले तर वारा जोराचा असेल. पण ती हवा पहाटेची. दुपारी दोनला बदलापूरच्या डोक्यावर काय आहे हे त्यात नसतं, आणि पुढच्या बलूनची वेळ येईपर्यंत घाटकोपरला सगळं होऊन गेलं होतं. मला वाटतं एप्रिल-मे मध्ये दुपारी बारा-एकला एक जास्तीचा बलून, तोही किनाऱ्यावरून नाही तर कल्याण-बदलापूर पट्ट्यातून सोडला तर दुपारच्या अंदाजात खरा फरक पडेल. रोज नाही, ज्या दिवशी वळवाचा इशारा आहे त्याच दिवशी.

आणि शेवटचा टप्पा, नाऊकास्ट, म्हणजे पुढच्या तीन-चार तासांचा तात्काळ इशारा. इथे रडार कामाला येतं. तेव्हा मुंबईत दोन डॉप्लर रडार होती, कुलाब्याचं जुनं आणि जोगेश्वरीच्या वेरावलीचं, जे जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालं. ढग एकदा उभा राहिला की तो किती उंच आहे, किती दाट आहे, कुठे सरकतोय हे दर काही मिनिटांनी दिसतं. डॉप्लर असल्यामुळे हवा रडारच्या दिशेने येतेय की लांब जातेय हेही कळतं, आणि वादळ पूर्वेकडून सरळ अंगावर येत असेल तर हे मोजमाप चांगलंच मिळतं. बदलापूर ते घाटकोपर सरळ रेषेत साधारण ३५ किलोमीटर. ताशी ४० ने वादळ सरकलं तर पाऊण-एक तास हातात असतो. त्या दुपारी हवामान विभागाने विजा आणि वादळी वाऱ्याचा तात्काळ इशारा दिलेला होता. म्हणजे वेधशाळेने काहीच सांगितलं नाही असं जे लोक म्हणतात ते मला पटत नाही. विज्ञानाच्या हातात जेवढं होतं तेवढं बऱ्यापैकी आलेलं होतं.

घोडं अडतं ते यापुढे. इशारा जिल्ह्याचा असतो. ठाणे जिल्हा म्हणजे घोडबंदरपासून मुरबाडच्या टोकापर्यंत. वर लिहिलेलं असतं 'तुरळक ठिकाणी', म्हणजे त्या भागातल्या फार तर चौथ्या हिश्शात. रंग बहुतेक वेळा पिवळा. आणि मजकूर तोच, मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस, ताशी ४० ते ५० किंवा ५० ते ६० किमी वेगाने वारे. हे वाक्य आपण एप्रिल-मे मध्ये इतक्या वेळा वाचतो की डोळा त्यावरून घसरतो. पाऊस हलका ते मध्यम आहे ना, मग ठीक आहे. वाऱ्याचा आकडा कुणी वाचतच नाही.

आता तोच आकडा घाटकोपरच्या होर्डिंगसमोर ठेवून बघा. पोलिसांच्या तपासात व्हीजेटीआय या मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा जो अहवाल आला त्याच्या बातम्यांप्रमाणे त्याचा पाया इतका कच्चा होता की ते ताशी ४९ किलोमीटरपर्यंतचाच वारा सोसू शकत होतं. मुंबईत अशा बांधकामाने सोसायला हवा ताशी १५८ चा, आयएस ८७५ या मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय तो हाच. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर दाब चौपट. मी साधं गणित केलं, चौरस मीटरला ०.६ गुणिले वेगाचा वर्ग (वेग सेकंदाला मीटरमध्ये) इतके न्यूटन दाब, बाकीचे आकाराचे आणि उंचीचे गुणक बाजूला ठेवून. १२० बाय १२० फूट म्हणजे १३०० चौरस मीटरच्या वर. ४९ च्या वाऱ्याला त्या पत्र्यावर साधारण १५ टनांचा रेटा येतो. ८७ ला ४८ टनांच्या आसपास. आणि १५८ ला जवळपास १५८ टन, आकडा योगायोगाने तोच येतो. म्हणजे त्या दिवशीच्या वाऱ्याने त्याच्यावर जेवढं वजन टाकलं ते त्याने पेलायला हव्या असलेल्या वजनाच्या एक तृतीयांशही नव्हतं, आणि ते खरोखर जेवढं पेलू शकत होतं त्याच्या तिप्पट होतं.

८७ हा आकडा सांताक्रूझचा आहे आणि तोही वेधशाळेच्या प्रमाण उंचीचा, जमिनीपासून दहा मीटर. होर्डिंगचा वरचा काठ त्याच्या तिपटीहून उंच होता. वर वारा जास्तच असतो. त्यामुळे माझे टन कमीच धरा.

यातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ४९ ही आहे. म्हणजे मे महिन्यातला तो रोजचा, घासून गुळगुळीत झालेला, पिवळ्या रंगातला '४० ते ५० किमी वेगाने वारे' वाला इशारा सुद्धा त्या पंपावरच्या माणसांसाठी लाल होता. आणि हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण इशारा देणाऱ्याला बांधकामाची ताकद माहीत नसते आणि बांधकामवाल्याने वाऱ्याचा विचारच केलेला नव्हता. इशाऱ्याचा रंग हवा बघून ठरतो. धोका ठरतो खाली काय उभं आहे त्यावरून. हवामान विभाग प्रभावावर आधारित अंदाजाची, म्हणजे हवेने खाली काय होईल ते सांगणाऱ्या अंदाजाची, भाषा गेली काही वर्षं करतोय, आणि दिशा योग्य आहे, पण असा अंदाज द्यायचा तर शहरात कुठे काय उभं आहे, कुठला पत्रा किती वाऱ्याला टिकतो याची यादी पालिकेने आधी द्यायला हवी. ती यादी नसेल तर प्रभाव कशाचा सांगणार?

त्याच तासात शहरात एक जागा अशी होती जिथे वाऱ्याच्या आकड्याला ताबडतोब काम झालं, विमानतळ. तिथे तासाभराहून थोडा जास्त वेळ विमानांची ये-जा बंद ठेवली, १५ विमानं दुसरीकडे वळवली. कुणी धाडस दाखवलं नाही, कुणी वरिष्ठांना विचारत बसलं नाही, कारण किती दृश्यमानता आणि किती वारा झाला की काय करायचं हे आधी लिहून ठेवलेलं असतं. तिथून काही किलोमीटरवर पंपावर गाड्या रांगेत होत्या. आणि वादळात माणूस काय करतो, आडोसा शोधतो, मोठ्या छपराखाली जातो. पेट्रोल पंपाचं छप्पर ही मुंबईतली सगळ्यात सोयीची जागा. त्यानंतर बचावाचं काम १६ मे पर्यंत चाललं, कारण खाली पेट्रोलच्या टाक्या, गॅस कटर लावायची सोय नाही. त्याच दुपारी वडाळ्याला उभारणी चालू असलेला पार्किंगचा लोखंडी सांगाडा रस्त्यावर आला, मेट्रो आणि लोकल खोळंबल्या. हे सगळं वाऱ्याने. पाण्याने यातलं काही झालं नाही.

याच्या आधीच्या वर्षीचे दोन दिवस बघा, म्हणजे हे घाटकोपरपुरतं नाही ते कळेल. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम झाला, भर दुपारपर्यंत उघड्या मैदानावर लाखो लोक, तापमान ३८ च्या आसपास, हवा खाडीकाठची दमट, उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू. आणि दुसऱ्याच दिवशी, १७ एप्रिलला, पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्याला वादळी पावसात होर्डिंग पडलं, वाऱ्यापावसातून आडोशाला थांबलेली पाच माणसं त्याखाली गेली. दोन दिवसांत, घाटाच्या दोन बाजूंना, एकीकडे दमट उष्णता आणि दुसरीकडे वादळ. बातम्यांमध्ये ही दोन वेगळी प्रकरणं होती, एक राजकारणाच्या पानावर गेलं आणि एक शहराच्या. एप्रिल-मे मध्ये जिथे उकाडा असह्य होतो तिथे किंवा तिथून शंभर किलोमीटरच्या आत एक-दोन दिवसांत वादळ होण्याची शक्यता चांगलीच असते, कारण इंधन तेच आहे. म्हणून मला वाटतं की दमट उष्म्याचा इशारा आणि वाऱ्याचा इशारा एकाच पत्रकात, एकाखाली एक यायला हवा. दुपारी बारा ते तीन उन्हापासून जपा, आणि तीन ते सात वाऱ्यापासून. एकच दिवस आहे, माणूसही तोच आहे.

उलट उदाहरण म्हणून २६ मे २०२५ घ्या. महिना तोच, शहर तेच, वर्षभराचा फरक. अरबी समुद्रात कोकणाजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, ते २४ मे ला रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं, त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला आणि २६ ला मुंबईत, जिथे त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे. इतक्या लवकर मुंबईत मान्सून आल्याची नोंदच नाही. कुलाब्याचा मे महिन्याचा पाऊस २९५ मिलिमीटरवर गेला आणि १९१८ चा २७९.४ चा विक्रम मोडला. वरळीला आचार्य अत्रे चौकाच्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं. इथे हवा तळापासून वरपर्यंत ओली होती, कोरडा थर उरलाच नव्हता, त्यामुळे थेंब वाटेत वाळले नाहीत, सगळे खाली आले. अशा वेळी पावसाचा आकडाच वाचायचा, २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार, आणि भरतीची वेळ बघायची. मुंबईची सगळी तयारी या प्रकारासाठी आहे, नालेसफाई, पंप, २०२० पासूनची आयफ्लोज पूर इशारा यंत्रणा, आणि २६ जुलै २००५ नंतर ते होणं गरजेचंच होतं. पण ती तयारी १३ मे सारख्या दिवशी एका माणसाच्याही कामाची नसते.

वाऱ्याचा आकडा गंभीरपणे घेणारे लोक राज्यात आहेत. रावेर-यावलचा केळीवाला घ्या, दहा मिनिटांच्या वाऱ्यात अख्खी बाग आडवी होते, घड लागलेलं झाड उभं राहत नाही. म्हणून तिकडे हवामानावर आधारित पीक विम्यात वेगाचा वारा हा वेगळा धोका धरलेला असतो, मोजलेल्या वाऱ्यावर भरपाई ठरते. त्या शेतकऱ्याला विचारलं तर पाऊस किती यापेक्षा वारा किती हे आधी विचारतो. शहरातल्या बांधकाम सुपरवायझरला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, पंपाच्या मॅनेजरला हा प्रश्न विचारायची सवय नाही.

मग एका तासात काय होऊ शकतं? होर्डिंग उतरवता येत नाही, ते उघड आहे, ते आधीच्या सहा महिन्यांचं काम. पण एका तासात पंपावरचं पेट्रोल देणं थांबवून माणसं लांब पाठवता येतात. क्रेन थांबवता येते, परांचीवरचे मजूर खाली घेता येतात. लग्नाचा आणि प्रचाराचा मंडप रिकामा करता येतो, शाळेच्या मैदानावरचं उन्हाळी शिबिर वर्गात नेता येतं. यातल्या कशालाच पैसा लागत नाही, लागतं ते आधी ठरवून ठेवलेलं वाक्य, की नाऊकास्टमध्ये ६० चा वारा आला की मी हे करणार आणि ४० चा आला की ते. हे वाक्य प्रत्येक वॉर्ड ऑफिसच्या, प्रत्येक साईटच्या भिंतीवर एप्रिलच्या एक तारखेला लागलेलं असावं. पावसाचे वॉर्डनिहाय आकडे जसे पावसाळ्यात मिनिटामिनिटाला व्हॉट्सॲपवर फिरतात तसे मे मध्ये वाऱ्याच्या झोताचे आकडे फिरायला हवेत, ठाण्याला ७० मोजला गेलाय एवढं कळलं तरी मुलुंड-भांडुप-घाटकोपरच्या माणसाला ते पुरेसं आहे, त्याला हवामानशास्त्र यायची गरज नाही.

मी स्वतः मे मध्ये काय बघतो ते सांगून थांबतो, कुणाला उपयोग झाला तर बरं. सकाळी उकाडा नेहमीपेक्षा जास्त आणि पत्रकात ठाणे-रायगडला वळवाचा इशारा असेल तर दुपारी अडीचपासून दर वीस मिनिटांनी मुंबई रडारचं चित्र उघडतो, हवामान विभागाच्या 'मौसम' साईटवर फुकट मिळतं. लाल-जांभळा ठिपका पूर्वेला दिसला की दोन चित्रांमधलं अंतर बघतो, तो पश्चिमेला सरकतोय का. सरकत असेल तर दामिनी ॲपवर विजा किती जवळ आल्यात ते बघतो. आणि ढग डोक्यावर यायची वाट बघत नाही, कारण वारा ढगाच्या पुढे धावतो. पूर्वेकडून अचानक गार झोत आला, तोपर्यंत समुद्राकडून येणारा वारा एकदम पडला किंवा उलटला, की हातात पाच ते दहा मिनिटं असतात. तेवढ्यात रस्त्यावर असाल तर पक्क्या इमारतीत शिरायचं, दुकान असो, बँक असो, कुणाचा जिना असो. झाड नको, पत्र्याची शेड नको, बांधकामाची परांची नको, पंपाचं छप्पर नको, आणि होर्डिंगच्या सावलीत गाडी लावून काच वर करून बसणं तर अजिबात नको.